'पोरीला नगरसेवकाच्या ऑफिसात लावू नका': या मेसेजमधलं खरं किती?

मनपा निवडणुकीनंतर वस्त्यावस्त्यांत नवी जनसंपर्क कार्यालयं उघडली आणि तिथे कामाला पदवीधर मुली दिसू लागल्या. त्याबरोबर नागपूरच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात सहा गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: हे काम नसून भाऊंच्या मागे फिरणं आणि फोटो काढणं आहे, पगार मिळत नाही, नगरसेविका असली तरी कारभार तिचा नवराच पाहतो, रात्री-बेरात्री बाहेर राहावं लागतं आणि मुलगी सुरक्षित नसते, एकदा पक्षाचा शिक्का बसला की सरकारी नोकरी गेली, आणि घराणं नसेल तर तिकीट मिळत नाही, मग कशाला मरमर करायची? मेसेज लिहिणाऱ्याची काळजी खोटी नाही. पण घाबरायचं कशाला, याचा त्याचा पत्ता चुकला आहे.

'हे काय काम आहे?' इथून सुरुवात करू.

नागपुरात ३८ प्रभाग, त्यांतले ३७ चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा, असे १५१ नगरसेवक. २०११ च्या जनगणनेतली शहराची २४ लाखांवर लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी ६० हजारांवर माणसं येतात. त्यांचा सकाळी आठला येणारा फोन ठरलेला असतो: 'ताई, गडर लाईन चोक झाली, तीन दिवसांपासून पाणी बाहेर येऊन राहिलं.' फोन घेणाऱ्या मुलीला पुढच्या दोन मिनिटांत चार गोष्टी काढून घ्याव्या लागतात. चोक घरापासून मुख्य लाईनपर्यंतच्या तुकड्यात आहे की मुख्य लाईनवर? पहिला तुकडा घरमालकाचा, दुसरा मनपाचा. लेआउट मनपाकडे हस्तांतरित झालाय की अजून नागपूर सुधार प्रन्यासकडेच (नासुप्र) आहे? नळाला घाण वास येतोय का? येत असेल तर प्रकरण नुसतं गडरचं राहत नाही, झोनच्या जलप्रदाय विभागाला आणि शहराचा पाणीपुरवठा पाहणाऱ्या ऑरेंज सिटी वॉटर कंपनीला त्याच वेळी कळवावं लागतं. आणि चेंबर नेमकं कुठलं? 'मंदिराजवळ' एवढ्यावर सक्शनची गाडी येते आणि परत जाते, कारण एका वस्तीत मंदिरं तीन असतात. फोटो लोकेशनसह मागवायचा, चेंबरसमोरच्या घराचा नंबर घ्यायचा.

नव्या मुलीचा पहिला महिना जातो तो कुठलं काम कुणाचं हे शिकण्यात. खांबावरचा दिवा मनपाच्या विद्युत विभागाचा, घरात येणारी वीज महावितरणची. मनपाच्या दहा झोनपैकी आपला कुठला, तिथला कनिष्ठ अभियंता कोण, सहायक आयुक्त कोण. प्रभागातून जाणारा मोठा रस्ता मनपाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा. चुकीच्या दारात दिलेलं पत्र कुणी नाकारत नाही, आवक क्रमांक टाकून घेतात आणि ते तिथेच झोपतं. नव्या ऑफिसांतली निम्मी 'मनपा ऐकत नाही' ही ओरड इथून निघते, असं आमचं मत आहे.

म्हणून पत्राच्या तीन प्रती. एक विभागाला, एकीवर पोच घेऊन आपल्या फाइलला, एक तक्रारदाराच्या हातात. एका पत्रात एकच विषय. रस्ता, दिवा आणि कचरा एकत्र लिहिला की ते तीन टेबलांवर फिरतं आणि कुणाचंच राहत नाही. नोंदवहीत तारीख, नाव, फोन, खुणेसह पत्ता, विभाग, आवक क्रमांक आणि पुढच्या पाठपुराव्याची तारीख. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो आणि खरं काम त्याच रकान्यात आहे. चार सदस्यांच्या प्रभागात एकच माणूस चारही ऑफिसांत तक्रार देऊन येतो. चेंबर साफ झालं की चार फलक लागतात. कुणाच्या आवक क्रमांकावर काम झालं ते वहीतच कळतं. पत्राला उत्तरच आलं नाही तर तक्रारदाराच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा: शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एक, उत्तराची मुदत ३० दिवस.

याशिवाय दाखले आणि योजना. संजय गांधी निराधारसाठी साधारण अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. लाडकी बहीण योजनेची मर्यादा मात्र अडीच लाख. घाईत एकीचा दाखला दुसरीला जोडला की अर्ज परत येतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं तर मंजूर झालेले पैसेही अडकतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा शासनाने घरांना १० हजार रुपये आणि दुकानांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. अशा वेळी पंचनाम्यात भाडेकरूचं नाव आलं की घरमालकाचं, एका घरात दोन चुली असतील तर दोन नोंदी झाल्या का, चिखल काढण्याआधी फोटो घेतले का, हे बघणारा माणूस लागतो. फोटो काढणं म्हणून मेसेज हिणवतो ते हेच फोटो असतील तर हरकत नाही.

मतदार यादीचं कामही असंच गैरसमजांनी भरलेलं. मनपाची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागांनुसार फोडली जाते. त्यामुळे यादीत नावच नसेल तर प्रभाग यादीवर हरकत घेऊन उपयोग नाही. नाव नोंदणीचा नमुना ६ आधी भरलेला असायला हवा. नाव चुकीच्या प्रभागात पडलं असेल तरच प्रारूप यादीवरची हरकत कामाची. नमुना ७ नाव वगळण्यासाठी, नमुना ८ दुरुस्ती आणि पत्ता बदलासाठी. नवीन सून आणि अठरा पूर्ण केलेला मुलगा ही दोन नावं प्रत्येक घरात विचारायची. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण हवीत) असल्याने वर्षभर वाट बघायची गरज उरलेली नाही.

पगाराच्या मुद्द्यावर मेसेज अर्धा बरोबर आहे. आमदाराला स्वीय सहायकासाठी विधिमंडळाकडून रक्कम मिळते. नगरसेवकाला मनपा असा माणूस देत नाही. त्याचं स्वतःचं मानधन ऑफिसचं भाडं आणि एका माणसाचा पगार भागवायला पुरत नाही, म्हणजे तुमचा पगार त्याच्या धंद्यातून, घरातून किंवा पक्षाकडून येतो. म्हणूनच 'आधी काम पाहू, मग बघू' हे वाक्य इथे फार चालतं. त्यावर उपाय कोरडा आहे: रक्कम, तारीख, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि पेट्रोल-मोबाइलचा खर्च एका कागदावर लिहून घ्यायचा, आणि पगार रोख न घेता खात्यात घ्यायचा. दुचाकीवर रोज झोन, सिव्हिल लाईन्सचं मनपा मुख्यालय आणि वस्ती अशा फेऱ्या झाल्या तर पेट्रोल वेगळं न धरलेला पगार महिनाअखेर नावापुरता उरतो.

मेसेजने न सांगितलेला धोका यापेक्षा मोठा आहे. ही नोकरी मुदतीला बांधलेली असते. मागच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होता. असा काळ पुन्हा आला तर पगार कुठून, हा प्रश्न रुजू होतानाच विचारायचा. भाऊंना राग येईल, येऊ द्या.

'कारभार नवराच पाहतो'. पाहतो, अनेक ठिकाणी पाहतो. हे नाकारून काही मिळणार नाही. पण त्यावरून 'म्हणून मुलीने तिथे जाऊ नये' हे कसं निघतं? राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, नागपुरात १५१ पैकी ७६. सभागृहात नवऱ्याला बसता येत नाही, तिथला प्रश्न तिलाच विचारावा लागतो, पत्रावर सहीही तिचीच लागते. पहिल्यांदा निवडून आलेल्या ताईला विषयपत्रिका वाचून देणारी, निगम सचिवांकडे प्रश्न मुदतीत लेखी पोहोचवणारी, झोनच्या बैठकीआधी प्रलंबित कामांची यादी हातात ठेवणारी मुलगी असेल तर नवऱ्याची गरज सहा महिन्यांत कमी होते. सहायकाने एक नियम पाळायचा: ताईंच्या लेटरहेडवरचं कुठलंही पत्र ताईंनी वाचल्याशिवाय जाणार नाही, आणि कोऱ्या लेटरहेडवर आधी घेतलेली सही ऑफिसात असणार नाही. 'भाऊंनी सांगितलं' म्हणून गेलेल्या शिफारसपत्राचं बालंट शेवटी पत्र टाइप करणाऱ्यावरच येतं.

आता रात्रीचं. रोज रात्री थांबावं लागतं हे खरं नाही. झोन कार्यालयाचं काम दिवसाचं असतं, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की वस्तीतली फेरी सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच होते. निवडणूक, गणपती, दीक्षाभूमीचा सोहळा, मुसळधार पावसाची रात्र हे दिवस मात्र लांबतात. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते, तेव्हा त्या दिवशी घरी कोण सोडणार हे दुपारीच ठरलेलं हवं. ऑफिससाठी वेगळा नंबर घ्यायचा. स्वतःचा नंबर एकदा वस्तीच्या ग्रुपवर गेला की तो परत येत नाही आणि रात्री एकला 'जेवलीस का' असे मेसेज सुरू होतात. घरोघरी जाताना जोडीने जायचं, घरात न बसता दारात बोलायचं. मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१.

इथे कायद्याची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक मुलींना चुकीचं सांगितलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसला अंतर्गत समिती नेमायला लावतो. नगरसेवकाच्या ऑफिसात दोन-तीनच माणसं असतात. त्यामुळे तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. तक्रार लेखी, सहा प्रतींत. राजकीय पक्षांना हा कायदा लागू करा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळली. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर असं नातं नसतं, हाच मुद्दा धरला होता. म्हणजे 'कार्यकर्ती' म्हणून फुकट राबणाऱ्या मुलीचं संरक्षण लटकं, आणि पगार घेणाऱ्या सहायकाला तक्रारीची ठरलेली जागा. वर सांगितलेला कागद आणि खात्यातला पगार इथे पुरावा म्हणून उभा राहतो.

सरकारी नोकरीबद्दलचा मुद्दा एमपीएससीची तयारी करणाऱ्या घरांत सगळ्यांत जास्त चालतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधला नियम ५ शासकीय कर्मचाऱ्याला पक्षात राहण्याची मनाई करतो. कर्मचारी झाल्यावर. त्याआधी ऑफिसात पत्रं टाइप केली म्हणून कुणाची निवड रद्द होत नाही. अडचण होते ती गुन्ह्याने. आंदोलनात मागे उभं राहिलेल्यांचीही नावं पोलीस घेतात. मनाई आदेश मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १३५ आणि जुन्या दंड संहितेतल्या कलम १८८ च्या जागी आलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. पुढे निवड झाल्यावर पोलीस पडताळणीसाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात 'गुन्हा दाखल आहे का' असा रकाना येतो. किरकोळ आंदोलनाचा गुन्हा लिहिला तर त्यावर विचार होऊ शकतो. तो लपवणं जास्त अंगाशी येतं. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर रुजू होतानाच सांगून टाकायचं: ऑफिस सांभाळीन, रस्ता रोकोला येणार नाही. समजूतदार नगरसेवक हे मान्य करतो, कारण सगळे रस्त्यावर असताना फोन घ्यायला कुणीतरी लागतंच.

राहिला तिकिटाचा मुद्दा. घराण्याचा फायदा असतो, यात वाद नाही. '२२ व्या वर्षी नगरसेवक, २७ व्या वर्षी महापौर' म्हणून देवेंद्र फडणवीसांचं उदाहरण नागपुरात सर्रास दिलं जातं, पण त्यांचे वडील विधान परिषदेचे आमदार होते हे सांगणारा विसरतो. तरीही ही नोकरी तिकिटाची शिडी म्हणूनच घ्यायची असते, हे कुणी ठरवलं? आणि ज्यांना ती शिडी हवी आहे त्यांनी कागद आधी जमवावेत. वय २१ पूर्ण. जागा राखीव असेल तर जात वैधता, जिला वेळ लागतो म्हणून अर्ज आजच. मालमत्ता कराची थकबाकी शून्य. निवडणूक लढवलीच तर खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत, नाहीतर तीन वर्षांपर्यंत अपात्रता. जिंकलेल्यांइतकेच हरलेलेही यात सापडतात, कारण हरल्यावर पावत्या कुणी जपत नाही.

आणि 'तुझ्या नावाने एक छोटी फर्म काढू, मनपाची कामं घेऊ' अशी सूचना ऑफिसातून आली तर नाही म्हणायचं. मनपाच्या कंत्राटात हिस्सा असलेली व्यक्ती नगरसेवक होण्यास अपात्र ठरते. शिवाय काम दुसऱ्याने केलेलं असलं तरी जीएसटीची नोटीस, निकृष्ट कामाची चौकशी आणि बँकेचं पत्र नोंदणीच्या पत्त्यावर येतं, म्हणजे मुलीच्या आईवडिलांच्या घरी.