कोठीतला डेड स्टॉक

गेले चार दिवस व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज फिरतोय. सहा महिन्यांचं धान्य भरून ठेवा, पुढं काय होईल सांगता येत नाही. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. तिसऱ्यांदा टाकणाऱ्यानं खाली हात जोडलेत आणि वर लिहिलंय, 'जागे व्हा'. आज सकाळी शेजारच्या वहिनी मला विचारत होत्या, "भाऊजी, दोन पोती गहू एकदम घेऊन टाकू काय?" म्हटलं, वहिनी, तुमच्याकडं भाकरी होते. चपाती आठवड्यातून दोनदा. दोन पोती गहू तुमच्या नातवाच्या मुंजीपर्यंत पुरेल.

मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो. बावीस वर्षं झाली. माल आला की मोजायचा, कार्डावर चढवायचा, मागणी आली की द्यायचा, आणि वर्षाच्या शेवटी जे पडून राहिलंय त्याचा जाब द्यायचा. पडून राहिलेल्या मालाला आम्ही डेड स्टॉक म्हणतो. मालक उधारीवर जेवढा चिडत नाही तेवढा डेड स्टॉकवर चिडतो, कारण तिथं त्याचा पैसा गंजत असतो. घरातल्या कोठीत गंजत नाही, किडे पडतात, एवढाच फरक.

हे मी कुणाला शिकवायला लिहीत नाही. माझ्या घरात माझ्या हातूनच झालंय.

२०२० सालचा २४ मार्च आठवतोय ना? रात्री आठला घोषणा, दुसऱ्या दिवशी पाडवा. लोक चपला घालून खाली पळाले. आमच्या घरातून कोणी हललं नाही. आई म्हणाली, "तीन महिन्याचं आहे घरात. गर्दीत कशाला जातोस?" आणि खरोखरच होतं. तांदूळ, जोंधळा, गहू, तूरडाळ, चवळी, मटकी, गुळाचा एक अख्खा रवा (ढेप), वर्षाची चटणी, आमसुलं. आमची आई येळ्ळूरची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या हिशेबात सुगी झाली की घर भरलेलं असतंच, त्यात विशेष काही नाही.

बाराव्या दिवशी आमच्या घरात काय संपलं असेल? चहापूड. पंधराव्या दिवशी काड्यापेटी आणि आईची बीपीची गोळी. धान्यानं कोठी गच्च आणि घरात चहा नाही. बहीण चंदगडला दिलीय, महाराष्ट्रात, इथून तासाभराचा रस्ता. ती फोनवर म्हणाली, "मी आणून देते." सीमेवरच्या शिनोळीपुढं येता येईना. आमच्याकडं सीमा म्हणजे एरवी बोर्डावरच्या अक्षरांचं भांडण असतं. त्या दोन महिन्यांत ती चहापुडीच्या पुड्याएवढी झाली.

तेव्हा शहाण्या माणसानं काय शिकायला पाहिजे होतं? की धान्य भरपूर आहे, बारीकसारीक वस्तू कमी पडतात. मी काय शिकलो? की आणखी धान्य पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तशी मी रविवार पेठेत गेलो आणि एक क्विंटल गहू आणि पंचवीस किलो तूरडाळ उचलली. आई तेव्हा खानापूरला भावाकडं होती. टेम्पोवाल्यानं पोती दारात टाकली. आमची मंडळी म्हणाली, "अहो, ऊन दाखवायला नको?" म्हटलं, वेळ कुणाला आहे. प्लॅस्टिकचे दोन निळे पिंप आणले, गहू ओतला, झाकण दाबलं आणि रात्री अगदी समाधानानं झोपलो.

आई गणपतीला आली. कोठीत गेली, पिंपाचं झाकण काढलं, बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात गव्हात घातला. थोडा वेळ तसाच ठेवला. मला वाटलं तळाला काही पडलंय, ते हुडकतेय. हात काढला, पीठ झटकलं आणि म्हणाली, "ह्याला आत ताप आलाय."

मला हसू आलं. मग मी हात घातला. वरचा गहू गार आणि खाली खरंच कोमट, जसं तापातल्या पोराच्या पाठीला हात लावावा. सुपात काढला तर दाण्यागणिक भोकं, आणि काळे सोंडकिडे सुपाच्या कडेनं वर चढायला लागलेले.

नंतर मी शोधून वाचलं तेव्हा आईच्या 'तापा'चा अर्थ लागला. सोंडकिड्याची मादी सोंडेनं दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते. बाहेरून दाणा साबूत दिसतो. अळी आत वाढते, आतलाच दाणा खाते आणि महिनाभरात, उबदार हवेत, किडा होऊन बाहेर पडते. म्हणजे आपण दुकानात मूठभर घेऊन, निरखून, "स्वच्छ आहे" म्हणून आणलेल्या गव्हात किडा आधीपासून असू शकतो. एवढे जीव एका जागी श्वास घेतात, उष्णता सोडतात, ओल सोडतात. धान्य खरोखर तापतं. आईनं हे कुठं वाचलेलं नाही. तिचा हातच थर्मामीटर.

त्या क्विंटलमधला निम्मा गहू कोंबड्यांना गेला. डाळीला जाळी धरली होती. तोट्याचा आकडा मंडळीला अजून सांगितलेला नाही, इथं तर नाहीच सांगत.

त्यामुळं ते 'जागे व्हा' वाचलं की माझ्या हातालाच कोमट लागतं. घाबरून भरलेली कोठी आपण खातच नाही, तिची राखण करतो. पगारदार माणसाला वर्षाची बेगमी परवडते हाच मुळात गैरसमज आहे. बेगमी ही शेतकऱ्याची रीत, कारण त्याच्याकडं माल वर्षातून एकदा येतो आणि पैसाही. माझ्याकडं पैसा दर महिन्याच्या सात तारखेला येतो. मग मी वर्षाचा पैसा एप्रिलमध्ये एकदम कशात अडकवू? मुलांच्या शाळेची फी जूनला असते.

आता आमचं असं चालतं. पाच माणसं, महिन्याला अंदाजे बारा किलो तांदूळ, दहा किलो गहू, सात-आठ किलो जोंधळा, तीन किलो तूरडाळ. याच्या तिप्पट घरात असलं की पुरे. तिपटीच्या वर गेलं की मी कंपनीतल्या मालकासारखा स्वतःवरच चिडतो. यात अपवाद म्हणजे जुना तांदूळ आणि चटणी. तांदूळ वर्षभर ठेवला की भात मोकळा होतो, नवा असला की गिच्च. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात नवा तांदूळ येतो तेव्हा घ्यायचा, पण खायचा मागच्या वर्षीचा. आणि चटणीला पर्यायच नाही. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. एप्रिलच्या उन्हात कडकडीत वाळवून डंकावर कुटून आणायची, वर हिंगाचे खडे ठेवून बरणीत दाबायची. ती वर्षाचीच होते, कारण पावसात मिरची वाळणार कुठं?

बाकी सगळं आपापल्या वेळेला. नवी तूर जानेवारीपासून यायला लागते, डाळ होऊन दुकानात आली की घ्यायची. आमचा दुकानदार गुलबर्ग्याचीच देतो, ती शिजते छान. शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. गूळ थंडीत, गुऱ्हाळं चालू असताना. शेंगा दिवाळीच्या आसपास, आणि त्या फोडून दाणे करून ठेवायच्या नाहीत, टरफलासकटच बऱ्या राहतात. ओल लागलेल्या शेंगदाण्याला बुरशी धरली की तो कडवट लागतो. तसला दाणा निवडून बाजूला काढून बाकीचे भाजून खाऊ असं करू नका, ती बुरशी विषारी असते आणि भाजून तिचं विष पुरतं जात नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत मी काटकसर मानत नाही.

मृगाच्या आधी ऊन दाखवायचं काम उरकावं लागतं. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैमध्ये दारातलं पायपुसणं आठवडाभर वाळत नाही, मीठ चमच्याला चिकटतं, गुळाला पाझर फुटतो. मेमध्ये दोन-तीन दिवस गच्चीवर जुन्या धोतरावर गहू पसरायचा, अधूनमधून हातानं उलटायचा. मग लगेच भरायचा नाही! इथं मी दुसऱ्यांदा चुकलो होतो. उन्हातनं गरम गरम उचलून डब्यात भरला आणि झाकण लावलं, आतल्या आत घाम सुटला. आई म्हणते, "रात्रभर सावलीत निवू दे. माणूस उन्हातनं आला तर लगेच गोधडीत घालतोस काय?"

डब्यांबद्दल एक बोलतो, मग पुढं जातो. रीलमध्ये त्या बायका एकसारखे पारदर्शक डबे लावून दाखवतात, डब्यावर सोनेरी अक्षरात नाव. तेवढ्या पैशात आमच्या घराची दोन महिन्यांची डाळ येईल. आमच्याकडं तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे आहेत, वरून कापून झाकण बसवून घेतलेले. सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवले की झालं. पत्र्याला उंदीर लागत नाही, उजेड लागत नाही. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. डाळीला थोडं एरंडेल चोळून ठेवायचं. बोरिक पावडर आम्ही बंद केली, ते खाण्यात जायचं रसायन नव्हेच. आणि धान्यात टाकायच्या त्या गॅसच्या गोळ्या, ज्या गोदामात वापरतात, त्या कुणी ओळखीनं आणून दिल्या तरी घरात घेऊ नका. त्यांतून निघणारा वायू किड्याएवढाच माणसालाही मारतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. थोडं धान्य असेल तर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. पाच किलोच्या रव्या-डाळीला एवढं पुरतं.

पैशाचं म्हणाल तर आमच्या गल्लीत सहा घरांची भिशी आहे. साड्यांची, भांड्यांची भिशी असते तशी ही धान्याची. दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि डिसेंबरात, एकत्र खरेदी. पोतं एकानं घ्यायचं आणि सहा घरांत वाटायचं, म्हणजे ठोक भाव मिळतो आणि कुणाच्याच कोठीत डोंगर होत नाही. बाजारातल्या २६ किलोच्या पिशव्या कधी बघितल्यात? जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला. लगेच एक किलो वाढवून पिशव्या निघाल्या. मला तर त्या डोकेबाज माणसाला आमच्या स्टोअरमध्ये नोकरी द्यावीशी वाटली. भिशीसाठी आम्ही तीच घेतो.

रेशनबद्दलही थोडं. अन्नभाग्यचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशन योजनेतला, तांदूळ मिळतो त्या घरांनी तो साठवून बाजारचा खाऊ नये, आधी रेशनचा संपवावा. वहिनींनी त्यातले पिवळट, पाण्यावर तरंगणारे दाणे वेचून टाकले होते, 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून. ते प्लॅस्टिक नव्हे. शंभर किलोला एक किलो या प्रमाणात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले, तांदळाच्याच पिठाचे केलेले दाणे होते ते. त्या अर्धा तास निवडत बसल्या होत्या आणि नेमकं तेच टाकून दिलं.

आणि चहापूड, काड्यापेटी, मीठ, तेल, साबण, आईच्या गोळ्या. यांची आता वेगळी फळी आहे. शेवटचं पाकीट फोडलं की त्याच दिवशी यादीवर. कंपनीत याला रीऑर्डर लेव्हल म्हणतात. मंडळी म्हणते, "तुमची लेव्हल."

कंपनीतलीच सवय म्हणून मी प्रत्येक डब्याला कार्ड लावलंय. तारीख, आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक. नवा माल मागं, जुना पुढं. आईला वाचता येतं, खरं ती कार्डाकडं बघत नाही. तिचा हिशेब कोठीच्या दाराच्या मागच्या बाजूला, कोळशाच्या रेघा. एक रेघ म्हणजे एक मापटं. पाच झाल्या की आडवी.

मागच्या रविवारी मोजदाद केली. तूरडाळीच्या कार्डावर शिल्लक नऊ किलो. आई दाराकडं बघून म्हणाली, "सातच असंल." म्हटलं, आई, मी बावीस वर्षं हेच काम करतोय. काटा आणला, डबा ओतला, वजन केलं. सात किलो, वर शंभर-दीडशे ग्रॅम.

मी मुलांना विचारलं, मंडळीला विचारलं, पुन्हा कार्ड तपासलं. आई तिकडं भाजी निवडत बसलेली. शेवटी म्हणाली, "ताई आलती की गेल्या महिन्यात. चंदगडाला नेली दोन किलो. दाराला रेघ मारली मी. लेकीला दिलेलं तुझ्या कार्डावर कशाला?"

आता कार्डावर एक रकाना वाढवलाय. 'आईनं दिलं'. आज बघितलं तर चटणीच्या कार्डावर त्या रकान्यात कोळशाची एक रेघ आहे.