चिठ्ठ्या टाकून वाटलेले शेजारी

आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासात पाडली आणि त्याच जागी टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला. परवा भावाने फोनवर विचारलं, "नवीन घरात आई खूश आहे ना?" मी हो म्हटलं, आणि ते खोटं नाही. लिफ्ट आहे, पाणी दिवसभर आहे, पावसाळ्यात पलंगावर टोप मांडून झोपावं लागत नाही. पण आईला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घर छान आहे गं. पण शेजार कुठाय?" तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. लांबलंय, वेळ असेल तरच वाचा.

आम्ही विक्रोळी पूर्वेचे, कन्नमवार नगरचे. मुख्यमंत्रिपदावर असतानाच १९६३ साली गेलेल्या मारोतराव कन्नमवारांचं नाव वसाहतीला आहे, पण निम्म्या पोरांना ते फक्त बसच्या पाटीवरून माहीत. सरकारी घरं बांधणारी म्हाडा १९७७ साली आली, त्याआधी हाउसिंग बोर्ड होतं, म्हणून जुनी माणसं अजून "बोर्डाची खोली"च म्हणतात. आमची खोली सव्वादोनशे फुटांची. मजल्यावर आठ बिऱ्हाडं, मधून पॅसेज. दारं सकाळी उघडायची ती रात्री जेवणं झाल्यावर बंद व्हायची.

थांबा, उमाळे काढायला बसले नाहीये मी. त्या उघड्या दारांचा जाचही मी भोगलाय. कॉलेजातून यायला उशीर झाला की चार दारांतून चार प्रश्न. कोणाबरोबर आली, रिक्षाने आली की बाइकवर, हे मी जिना चढायच्या आधी आईला कळलेलं असायचं. स्लॅबचा गिलावा एकदा शेजारच्या बाळाच्या पाळण्यापासून हातभर अंतरावर पडला. तेव्हा बिल्डिंग पाडायला नको होती असं म्हणणाऱ्याने आधी तिथे एक जुलै काढून दाखवावा. पाडायलाच हवी होती.

माझं म्हणणं वेगळं आहे. पुनर्विकासासाठी सहा-सात वर्षं मीटिंगा केल्या आम्ही. बाबा असेपर्यंत ते, नंतर मी. त्या सगळ्या मीटिंगांत आम्ही काय मोजलं? दाराच्या आतले फूट. म्हाडा वसाहतीत आजच्या नियमाने किमान ३५ चौरस मीटर कार्पेट मिळतं, म्हणजे ३७६ फूट. त्याच्यावर किती, यावर सगळी मारामारी. बाजूच्या सोसायटीला अमुक मिळाले, मग आपल्याला कमी का? त्यानंतर कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी ठेव), बांधकाम होईपर्यंतचं भाडं, शिफ्टिंगचे पैसे, किचनला ग्रॅनाइट की क्वार्ट्झ. एका मीटिंगमध्ये नळाच्या कंपनीवरून दीड तास गेला. दाराच्या बाहेरचं कोणी मोजलंच नाही. पॅसेज किती रुंद, म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे, गणपती कुठे बसणार, पापड कुठे वाळणार? मी तरी कुठे विचारलं? मीही क्वार्ट्झवालीच.

बिल्डिंगींच्या मधल्या मोकळ्या तुकड्यांना म्हाडाच्या भाषेत "टिटबिट" म्हणतात. हसू येतं ना? आमचं क्रिकेट, हळदीकुंकू, लग्नाचे मांडव, बाराव्या-तेराव्याची पंगत, सगळं त्या टिटबिटवर झालं. पुनर्विकासात सोसायटी तो तुकडा म्हाडाकडून पैसे भरून प्लॉटला जोडून घेते, तेवढा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, वाढतो. कागदावर फायदाच. फक्त आधी जी जागा दोन बिल्डिंगींची होती, ती आता एका टॉवरच्या कंपाउंडच्या आत गेली आणि तिच्यावर गाडीवर गाडी चढवायचं स्टॅक पार्किंग उभं राहिलं. मुलांना खेळायला पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीवर, हिरवी प्लास्टिकची चटई आहे. बॉल न्यायला बंदी.

आता चिठ्ठ्यांचं.

फ्लॅट कोणाला कुठला, हे शाळेच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरलं. दोन पारदर्शक डबे, एकात नावं, दुसऱ्यात फ्लॅट नंबर. एका सहा वर्षांच्या मुलीला स्टुलावर उभं केलेलं. व्हिडिओ शूटिंग चालू, कोणाला पक्षपात म्हणायला जागा नको. वरचा मजला निघाला की टाळ्या, तिसरा-चौथा निघाला की "असू दे, असू दे". आम्हाला सातवा मिळाला. समोरच्या काकूंना चौदावा. आईच्या बाळंतपणात मला ज्यांनी न्हाऊमाखू घातलं त्या काकू. आम्ही दोघीही टाळ्या वाजवत होतो.

त्या हॉलमध्ये एकालाही सुचलं नाही की चिठ्ठ्या मजल्यांच्या टाकाव्यात. एक मजला, एक चिठ्ठी. आठच्या आठ बिऱ्हाडं एकत्र वर जातील किंवा एकत्र खाली राहतील. जुन्या मजल्यावर आठ आणि नव्यावर सहा खोल्या असल्या तर थोडी ओढाताण होईल, पण चार घरं सोबत राहिली असती. खर्च शून्य. बिल्डरला तर काहीच फरक पडत नव्हता, जुन्या रहिवाशांची रिहॅब विंग त्याला द्यायचीच होती. चाळीस वर्षांचा शेजार आम्ही सहा वर्षांच्या पोरीच्या हातात दिला, आणि वर पेढे वाटले.

अर्थात तोवर बरंच विस्कटून झालं होतं. आम्ही २०१८ साली खोल्या खाली केल्या, किल्ल्या हातात आल्या २०२३ मध्ये. बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात विक्रोळीत खोली मिळेना, म्हणून कोणी कळव्याला, कोणी दिव्याला, कोणी थेट बदलापूर. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं एकमेकांना सांगून टेम्पो हलले. पुढे भाड्याचे चेक परत यायला लागले, मग कोरोना आला. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा दिव्यात गेले तेव्हा आम्हाला दोन दिवसांनी ग्रुपवर कळलं. "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि हात जोडल्याचे बावीस इमोजी. जुन्या बिल्डिंगीत त्या घरी आठवडाभर चूल पेटू दिली नसती कोणी. माझे बाबाही भाड्याच्याच घरात गेले. नव्या लॉबीतल्या नावांच्या बोर्डावर त्यांच्या नावाऐवजी आईचं आहे. अशी सात नावं बदललीत त्या बोर्डावर, मी मोजलीत.

ज्यांचं नाव कुठल्याच बोर्डावर नव्हतं ते तर हिशोबातच नाहीत. जिन्याखालचा इस्त्रीवाला, पोटभाडेकरू. त्यांना ना भाडं, ना चिठ्ठी.

आता टॉवरला दोन विंग आहेत, एक आमची, एक बिल्डरने बाजारात विकलेल्या फ्लॅटांची. त्या सेलवाल्यांचा गेट पुढून, आमचा बाजूने. तरणतलाव त्यांचा. आमच्यातले काही त्यावरून फार जळतात. मला त्याचं काही नाही, तसंही पोहता कोणाला येतंय. पण त्यांच्या ग्रुपवर आमच्या विंगेला "ते लोक" म्हणतात, आणि आमच्या ग्रुपवर त्यांना "सेलवाले". गणपती यंदा पार्किंगमध्ये बसवला. आरतीच्या मध्येच कोणीतरी गाडी काढायला आला आणि स्टॅकचा हॉर्न "सुखकर्ता"च्या वरताण वाजत राहिला. मेंटेनन्स आधी सहाशे होता, आता साडेचार हजार. कॉर्पसचं व्याज त्याला पुरेल असं सांगितलं होतं. पुरत नाही. दोन घरची माणसं फ्लॅट भाड्याने देऊन पनवेलकडे निघूनही गेली. त्यांना दोष देणार नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे मागच्या रांगेतल्या बिल्डिंगीची येत्या रविवारी पुनर्विकासाची मीटिंग आहे. जून २०२५ मध्ये विक्रोळीचा पूर्व-पश्चिम पूल सुरू झाला, तेव्हापासून इथले बिल्डर फारच प्रेमाने बोलायला लागलेत. जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांचा होकार पुरतो, त्यामुळे काम पटापट उरकेल. माझी मैत्रीण तिथे कमिटीवर आहे. तिला सांगितलंय, करारात लिहून घे. पॅसेजची रुंदी लिहून घे, तळमजल्यावर बंदिस्त हॉल लिहून घे, भाड्याची बँक गॅरंटी तर घेच. आणि चिठ्ठ्या मजल्यांच्या टाका. तिने चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, "ताई, वरचा व्ह्यू कोणाला नको असतो?"

खाडी दिसते खरी चौदाव्यावरून. काकू म्हणतात, पहिल्या आठवड्यात खूप बघितली.

आता रोज पाच वाजता काकू आईला मिस्ड कॉल देतात आणि दोघी लिफ्टने खाली येतात. लॉबीतला सोफा पाहुण्यांसाठी आहे, वॉचमनने दोनदा हटकलं. म्हणून मीटर रूमच्या बाहेर दोघींनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्यात. मेथी निवडायची असेल तर ती पिशवी बरोबर. गेल्या महिन्यात तिथे तिसरी खुर्ची आली, सेल विंगमधल्या एका आजींची. त्यांना मराठी येत नाही, आईला गुजराती येत नाही. काल गेले तर तिघी मिळून वालाच्या शेंगा सोलत होत्या आणि काकू त्यांना दिव्याच्या घराबद्दल काहीतरी हातवारे करून सांगत होत्या.