मायकल जॅक्सनचा पुतळा आणि मामांचा फॉरवर्ड

काल रात्री कोल्हापूरहून मामांचा फॉरवर्ड आला. मजकूर असा: लंडनच्या फुलहॅम क्लबचे मालक मोहम्मद अल-फायेद यांनी मैदानाबाहेर मायकल जॅक्सनचा पुतळा बसवला, त्याच्या पुण्याईने हा छोटा क्लब युरोपियन चषकाच्या फायनलला पोचला, नव्या मालकाने पुतळा हलवला आणि क्लब बुडाला. खाली मामांची पुस्ती: ‘बघ, गोरेसुद्धा मानतात.’ दारातल्या उंबराने भिंतीला तडा गेलाय, मामी दोन वर्षं तोडा म्हणतायत. आता झालं, तो काही तुटत नाही.

मामा, ती युरोपा लीगची फायनल झाली 12 मे 2010 ला, हॅम्बुर्गमध्ये. पुतळा बसला 3 एप्रिल 2011 ला. पुढच्या वर्षीच्या पुतळ्याने आदल्या वर्षीचे सामने जिंकून दिले? मुळात तो अल-फायेद यांच्याच हॅरॉड्स या दुकानासाठी होता. दुकान विकलं, म्हणून साहेबांनी तो मैदानावर आणला. चाहते कुरकुरले, तर ज्यांना कदर नाही त्यांनी खुशाल नरकात जावं, असंही सुनावलं. जॅक्सनने तिथे पाहिलेला सामना एकच, 1999 मधला.

फायनलला नेलं ते मॅनेजर रॉय हॉजसन यांच्या टीमने. जुलैपासून मेपर्यंत त्या एका स्पर्धेत 19 सामने. इटलीच्या युव्हेंटसकडून तिकडे 3-1 हरले, घरी दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला, आणि तरी 4-1 ने जिंकले. डेम्प्सीने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला चेंडू अजून डोळ्यांसमोर आहे. फायनलला स्ट्रायकर झमोरा दुखऱ्या पायाने उतरला आणि 55 व्या मिनिटाला बाहेर आला. एक्स्ट्रा टाइममध्ये, पेनल्टी शूटआउट चार मिनिटांवर असताना, फोर्लानने समोरच्या ॲटलेटिको माद्रिदचा दुसरा गोल मारला. 2-1. जीव हळहळतो, पण यात गूढ काय?

बरं, पुतळा सप्टेंबर 2013 मध्ये हलला आणि मे 2014 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली उतरला, एवढं खरं. अल-फायेदही तेच कारण सांगत. पण त्या सीझनचं पॉइंट्स टेबल काढून बघा: 38 सामन्यांत 85 गोल खाल्ले! तीन मॅनेजर झाले. महागडा स्ट्रायकर मित्रोग्लू आणला आणि तीन सामने खेळवला. तिसरे मॅनेजर मागाथ यांनी दुखावलेल्या मांडीवर दारूत भिजवलेलं चीज ठेवायला सांगितलं, असं कॅप्टन हँगेलंडने नंतर सांगितलं. मागाथ म्हणाले, मी फक्त सुचवलं होतं. मामा, चाळीस वर्षं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत बसताय. आपली पाटाकडील तालीम हरली की शिव्या गोलकीपरला घालता ना, की चौकातल्या पुतळ्याला?

पुतळा परत आलाच नाही. फुलहॅम मात्र 2018, 2020 आणि 2022, तीनदा प्रीमियर लीगमध्ये वर चढलं.

अल-फायेदच्या पैशाने क्लब तिसऱ्या पातळीवरून वर आला, हे नाकारत नाही. ती चेकबुकाची करामत.

आणि हो, पुतळा बसला त्या दिवशी फुलहॅमने ब्लॅकपूलला 3-0 हरवलं होतं. मामांना कुणी सांगू नका.