मॉड लुईसचे बैल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

कॅनडातली लोकचित्रकार मॉड लुईस हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण तीन आक्षेप घेतलेत. पहिलं, चित्रं बालिश आहेत आणि तिनं तेच तेच काढलंय. सावली नाही, प्रमाण नाही, काही बैलांना तर पायही तीनच, इंटरमिजिएटला बसणारी पोरंही याहून बरं काढतात. दुसरं, बाई गरीब आणि अपंग नसती तर तिला कुणी विचारलं नसतं. तिसरं, मराठवाड्यात राहून कॅनडातल्या बाईचं कौतुक कशाला? आपण इतकी वर्षं चित्रकला शिकवलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

सावली नाही, हे खरंच. पण तिची पद्धत बघा. बोर्डाला आधी पांढऱ्या रंगाचा हात, त्यावर पेन्सिलीनं बाह्यरेषा, मग रंग थेट ट्यूबमधला किंवा डब्यातला. रंगात रंग ती मिसळतच नव्हती. मिसळायचं नाही असं एकदा ठरलं, की छटा संपल्या आणि सावलीही संपली. मग सगळी भिस्त कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बसवायचा यावर येते, आणि तिथं ती चुकत नाही. तिची ती समोरून बघणारी बैलजोडी घ्या. लांब पापण्या, शिंगांमागे जू, गळ्यात घंटा, भोवती फुलंच फुलं. पोळ्याला आपण शिंगांना रंग देतो, बाशिंग, गोंडे, झूल चढवतो, पाठीवर गेरूचे ठसे उमटवतो. त्या दिवशी बैल रोजच्यासारखा दिसावा असं कुणालाच वाटत नसतं. मॉडचा बैल त्या दिवसाचा आहे. त्याला शरीररचनेचे मार्क देऊन काय साधणार?

तेच तेच काढलं म्हणता. ती घराबाहेर पाटी लावून हमरस्त्यानं जाणाऱ्या गिऱ्हाइकांना दोन-तीन डॉलरला चित्र विकायची. गिऱ्हाईक मांजर मागायचं, ती मांजर काढायची. पण दोन मांजरं शेजारी ठेवून बघा. फुलं बदललेली असतात, पिल्लं कमीजास्त असतात, पार्श्वभूमी वेगळी असते. एकच विषय इतक्यांदा काढून त्यातला उल्हास टिकवणं सोपं नाही, हे मी आपल्याला काय सांगावं!

दुसऱ्या आक्षेपात थोडं तथ्य आहे, पण तो दोष तिचा नाही, तिच्या चाहत्यांचा आहे. जन्म 1903 चा. लहानपणापासून संधिवात, बोटं वाकडी झालेली. 1938 मध्ये मासे विकणाऱ्या एव्हरेटशी लग्न केलं आणि नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या मार्शलटाउनच्या एका खोलीच्या घरात राहायला गेली. तिथं वीज नव्हती, नळ नव्हता. लोक एवढं वाचून हळहळतात आणि चित्रं बघायची राहतात. मी आजाराबद्दल लिहिलं ते दुसऱ्या कारणासाठी. हात लांबवर जात नव्हता, म्हणून चित्रं बहुतेक लहान आहेत. 1965 मध्ये तिच्यावर वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर आल्यावर मागणी वाढली, ती पुरी करणं त्या हातांना झेपेना. 1970 मध्ये ती गेली. या गोष्टी चित्रं समजायला लागतात. दया यावी म्हणून त्या सांगितलेल्या नाहीत.

आता तिसरा आक्षेप, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. त्या एका खोलीत तिनं भिंती रंगवल्या, दार रंगवलं, खिडकीच्या काचा, जिना, शेगडी, पावाचा डबा, अगदी केरभरणीसुद्धा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घर पडायला आलं होतं. गावकरी धडपडले, 1984 मध्ये तिथल्या प्रांत सरकारनं ते विकत घेतलं, आणि आज ते अख्खं घर हॅलिफॅक्सच्या कलादालनात उभं आहे. आपल्याकडे पंचमीला बायका भिंतीवर नाग काढतात, कोनाड्याभोवती वेलबुट्टी काढतात. माळवद पाडून स्लॅब टाकला की ते सगळं मातीत जातं, आणि काढणारीचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नसतं. कॅनडातल्या बाईबद्दल मी लिहिलं ते याचसाठी. हातभर घर असं जपता येतं, हे आपल्या लोकांना दिसावं.

आपण खेड्यापाड्यांतल्या शाळांवर नोकरी केलीत. हौसेनं भिंती, कणग्या, दारं रंगवणारी कुणी बाई किंवा बाबा आपल्याला नक्की माहीत असतील. त्यांची हरकत नसेल तर गाव कळवा. कॅमेरा घेऊन मी येतो, आपणही सोबत या. पुढचा लेख त्यांच्यावरच लिहू.