अडेनियम ही कण्हेरीची बहीण आहे
अडेनियमबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: ‘डेझर्ट रोझ हा वाळवंटातला गुलाब, निवडुंगाचाच प्रकार. पाणी लागत नाही, फांदी खोचली तरी तसाच गलेलठ्ठ बुंधा होतो, आणि घरात लहान मुलं असली तरी बिनघोर ठेवा.’ शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अडेनियम विषारी आहे. त्याच्या रसात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात, कण्हेरीत असतात त्याच गटातली. टांझानियातले हाद्झा शिकारी अडेनियमचं विष बाणांना लावतात. छाटणी करताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा आणि झाड मुलांपासून, पाळीव जनावरांपासून लांब ठेवा.

हे विष घराण्यातूनच आलंय. कण्हेर, चाफा, सदाफुली ही सगळी अडेनियमची भावंडं, एकाच करवीर कुळातली. येमेनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या पेटर फोर्सकोलने तर त्याला कण्हेरीतच धरलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १७७५ मध्ये छापलेल्या ग्रंथात नाव आहे ‘नेरियम ओबेसम’, म्हणजे लठ्ठ कण्हेर.

गुलाब म्हणणाऱ्यांनी एकदा साधं, एकेरी फूल हातात घ्यावं. गुलाबाची पाकळी न् पाकळी सुटी गळते. इथे पाच पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते, त्यामुळे त्या एकत्रच गळतात. गुलाबात पुंकेसरांचा दाट झुपका असतो, इथे पुंकेसर फक्त पाच, त्यांचे परागकोश एकमेकांना टेकून सुळका झालेला आणि टोकांना केसाळ शेपट्या. फळ म्हणजे शिंगांसारखी जोडशेंग. ती तडकली की आतली बी नीट बघा: कण्हेरीच्या बीला केसांचा झुपका एकाच टोकाला असतो, अडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना. बहुपाकळी जाती लांबून गुलाबासारख्या दिसतात हे मान्य, पण नातं दिसण्यावरून ठरत नाही.

निवडुंगाचं तर नावच नको. निवडुंग मूळचे अमेरिका खंडांतले, अडेनियम आफ्रिका आणि अरबस्तानातलं. काटेही नाहीत.

पाण्याच्या सल्ल्याने मात्र खरोखर झाडं मरतात. कोरड्या किंवा थंड दिवसांत अडेनियम पानं गाळून झोपतं, तेव्हा पाणी जवळपास बंदच हवं. पण नवी पालवी फुटली की त्याला तहान लागते. ऊन भरपूर आणि निचरा चांगला असेल, तर माती सुकताच पोटभर पाणी द्या. बुंधा अंगठ्याने दाबून बघा. कोरड्या मातीत तो पिचपिचीत लागला तर झाड तहानलेलं. ओल्या मातीत तसा लागला तर सड लागलेली असू शकते, आणि तेव्हा आणखी पाणी घातलं तर झाड हातचं जातं.

राहिली फांदी. ती रुजते, फुलतेही. पण तो बाटलीसारखा घाट बीपासून वाढलेल्या रोपालाच येतो, कारण त्यात बीजपत्रांखालचा देठ मुळांसकट फुगत जातो. फांदीला तो देठ नसतोच. तिची मुळं पुढे जाड होतील, पण तसा बुंधा हवा असेल तर बी पेरा.