टर्बो गेला, बाप्पा!

नागपुरात डिझेल गाडीचं म्हातारपण मालकाला फार उशिरा कळतं, कारण शहर सपाट आहे. सदरहून बर्डी, बर्डीहून वर्धा रोड. चढ म्हणायचा तर उड्डाणपुलाचा. तेवढ्यासाठी टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असला काय नि नसला काय. माझी गाडी 2012 ची, एमएच-31, रंग चंदेरी (जिथे उरलाय तिथे). तिचं बिंग फुटलं छिंदवाडा रोडवर, सिलेवानीच्या घाटात. गाडीत आख्खं घर, एसी चालू, आणि एकाएकी पाय तळाला टेकला तरी गाडी ओढेना. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा तीन हजारांच्या वर जाईना. मागून काठोकाठ भरलेला ट्रक आला, हॉर्न देऊन पुढे निघून गेला. जाताना क्लीनरने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आईलासुद्धा लागली. गाडी बाजूला घेतली, बंद केली, परत चालू केली. पाहतो तर काही झालंच नव्हतं अशा थाटात ती निघाली!

याला लिम्प मोड म्हणतात. इंजिनाच्या कॉम्प्युटरने जेवढं हवेचं प्रेशर मागितलं तेवढं आलं नाही, की तो घाबरून ताकद कापतो. चावी फिरवली की बहुतेक वेळा विसरतो. त्यामुळे दुखणं कधीच मिस्त्रीसमोर होत नाही. गॅरेजच्या दारात गाडी अशी शहाण्यासारखी उभी राहते की मिस्त्री गाडीऐवजी आपल्यालाच तपासायला लागतो. "काहीच तं नाही होऊन राहिलं, सायेब. टनाटन आहे गाडी."

पानठेल्यावर मात्र निदान तयार असतं. शेजारचे काका उभ्या आयुष्यात लुनापलीकडे गेले नाहीत, पण त्यांनी नुसतं ऐकून सांगितलं, "टर्बो गेला, बाप्पा!" हे वाक्य नागपुरात एखादा माणूस गेल्याच्या सुरात म्हणतात. लगेच आकडा येतो. कोणी पंचवीस हजार म्हणतो, कोणी पन्नास, आणि एक जण म्हणतो, "विकून टाक बे." तोच घ्यायला तयार असतो.

मग धूर. "रेस कर," असं म्हणून पाच जण सायलेन्सरमागे पत्रिका पाहायला बसल्यासारखे बसतात. निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल फवारणारा इंजेक्टर बिघडलाय, नाहीतर कूलंट इंजिनात शिरतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. माझा काळा होता. यावर एकमत झालं आणि तिथेच संपलं, कारण हवा कमी का, याचं उत्तर ज्याच्या-त्याच्या दुकानात काय मिळतं त्यावर ठरतं. नोझल-पंपवाला म्हणाला, "चारही इंजेक्टर खोलून पाहा लागते." टर्बोवाल्याने टर्बोकडे न बघता टर्बो सांगितला. इंजिन कामवाल्याने चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उलटं ठेवलं. ते थरथरलं. "बॅक कॉम्प्रेशन!" तो आनंदाने म्हणाला, म्हणजे सिलेंडरमधला दाब खाली गळतोय. चालू डिझेल इंजिनावर ठेवलेलं झाकण थरथरणार नाही तर काय करेल? उडून पडलं असतं तर गोष्ट वेगळी.

स्कॅनरवाल्या पोराकडून मला फार आशा होती. त्याने स्टिअरिंगखाली वायर खुपसली, कोड आला पी0299. "पाहा, टर्बोच!" वास्तविक तो कोड एवढंच सांगतो की प्रेशर कमी पडतंय. कमी पडण्याला टर्बोचा पंखा कारण असेल, त्याचा दाब कमीजास्त करणारा ॲक्च्युएटर असेल, व्हॅक्यूमची करंगळीएवढी नळी असेल, सेन्सर असेल, नाहीतर वाटेत कुठे गळत असेल. पण पोराने पहिलं नाव घेतलं आणि मशीन बंद केलं.

या काळात टर्बोची सेवा घरात सक्तीची झाली. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. दामटून आल्या आल्या इंजिन बंद केलं तर ते ऑइल तिथेच करपतं. म्हणून घरी पोचल्यावर अर्धं-एक मिनिट इंजिन चालू ठेवायचं. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, फाटकासमोर! आई मागच्या सीटवरून विचारायची, "आता कोणाची वाट पाहून राहिलो आपण?"

शेवटी कामठी रोडचा एक म्हातारा मिस्त्री भेटला. त्याने रेस करायला सांगितलंच नाही. "उभ्या गाडीत टर्बोले काम काय? लोड पाह्यजे," म्हणाला, स्वतः स्कॅनर लावला आणि शेजारी बसून मला बुटीबोरीच्या दिशेने पिटाळलं. नागपूर समुद्रसपाटीहून तीनशेवर मीटर उंच, त्यामुळे उभ्या गाडीत स्कॅनरवर हवेच्या दाबाचा आकडा सत्त्याण्णव किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे नुसती बाहेरची हवा. चौथ्या गिअरमध्ये दाबली की तो दोनशेच्या घरात जायला हवा. माझा सव्वाशेपर्यंत चढला आणि घुटमळला. बॉनेटमधून फुस्स असा आवाज आला. "एसी बंद करा जी," तो म्हणाला, आणि कान देऊन ऐकत राहिला.

परत आल्यावर त्याने टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होस पाईपच्या खालच्या अंगाने बोट फिरवलं. बोट काळं, तेलकट. पाईप मुठीत धरून वाकवला तशी पोटाकडून बोटभर चीर उघडली. सोडला की मिटली. उभ्या गाडीत मिटलेली, घाटात उघडी. एअरफ्लो सेन्सर हवा मोजतो आधी, गळते ती नंतर. डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने सुटतं, म्हणून काळा धूर.

"हवा भरून राहिली, सायेब, पण राहून नाही राहिली."

नवा पाईप, दोन नव्या क्लिपा, मजुरीसकट खर्च एवढा कमी की पानठेल्यावर सांगितला तेव्हा काकांना राग आला. मधल्या काळात हीच गाडी पीयूसीला पास होऊन आली होती, याचा राग मात्र कोणालाच आला नाही.

गाडी आता ओढते. पैसे देताना मी आनंदाने विचारलं, "म्हणजे टर्बो ठीक आहे ना?"

मिस्त्रीने हात पुसले. "आतापर्यंत प्रेशर गळत होतं, ते भरून काढाले त्याले जास्तच पळा लागलं. पाहू, किती दिवस काढते तं."