जपुजी, आसा दी वार आणि ‘हौस’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सकाळच्या गुरबाणीचे, म्हणजे शीख धर्मग्रंथातल्या रचनांचे, गायन शिकून ते रोजच्या उपासनेत आणण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देते. जपुजी साहिब, म्हणजे शिखांनी पहाटे म्हणायची गुरू नानकांची रचना, ही पाठ करण्याची बाणी आहे, गाण्याची नव्हे. जुने शीख कवी भाई गुरदास यांनी गुरू नानकांच्या कर्तारपूरच्या दिनक्रमाबद्दल ‘सोदरु आरती गावीऐ अम्रित वेले जापु उचारा’, म्हणजे सोदरु आणि आरती गायची, पहाटे जपुजी म्हणायची, असे लिहूनच ठेवले आहे. देवनागरीतून वाचल्याने उच्चार बिघडतात. मराठी माणसाने घरचा हरिपाठ सोडून या वाटेला जाण्याचे कारण नाही. आणि शेवटी आपले वाक्य असे : ‘पेटी शिकण्याच्या हौसेला नितनेमाचे नाव देऊ नये.’ नितनेम म्हणजे शिखांचा रोजचा ठरलेला पाठ.

मतभेदाचे मला वावडे नाही. या विषयावर माझ्यापेक्षा कितीतरी अधिक जाणणारी माणसे नांदेडात आहेत, पंजाबात तर आहेतच, आणि त्यांच्यापैकी कोणी चूक दाखवली तर ती मी मान खाली घालून ऐकते. परंतु आपले शेवटचे वाक्य मतभेदाचे नाही. ते माझ्या हेतूविषयी आहे. ज्या व्यक्तीने मला कधी पाहिले नाही, पहाटे माझ्या घरात काय चालते याची जिला कल्पना नाही, तिने माझी उपासना ही हौस आहे असा निवाडा चार ओळींत देऊन मोकळे व्हावे, हे मला अशोभनीय वाटते. आपल्या प्रतिक्रियेत गुरूंचे नाव आदराने घेतले आहे. समोरच्या माणसाबद्दल त्यातला थोडा तरी आदर उरायला हवा होता.

हौस कशाला म्हणतात आणि नेम कशाला, हे मला कोणाकडून शिकायचे नाही. माझे बालपण नांदेडला, तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत गेले. पहाटे गोदावरीचे पाणी गागरीत भरून गुरुद्वाऱ्यात नेले जाते, त्या वेळी जाग यायची, आणि मग आसा दी वार, ही पहाटे गायची गुरू नानकांची दीर्घ रचना, कानावर पडत राहायची. शेजारच्या दखनी शीख घरातल्या बीजी चूल पेटवण्याआधी गुटका साहिब, म्हणजे नित्यपाठाची छोटी पोथी, उघडून बसत आणि मला शेजारी बसवून घेत. त्या घरात कोणी मला ‘तुझे येथे काय काम’ असे विचारले नाही. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे ग्रंथाला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीला गावोगावचे रागी जत्थे, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांचे संच, नांदेडला आले, तेव्हा आपल्यालाही हे गाता यावे असे माझ्या मनाने घेतले, आणि त्यानंतर बऱ्याच खटपटीने एका वृद्ध रागींनी मला शिकवण्याचे कबूल केले.

त्यांनी मला पेटीला हात लावू दिला नाही. आधी गुरमुखी अक्षरे, मग संथिया, म्हणजे आपल्याकडे संथा देतात तशी ओळ त्यांनी म्हणायची, मी मागून म्हणायची, आणि विराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. शब्द कोठे तोडायचा हे पक्के झाल्यावरच सूर आले. मी पूर्वी शास्त्रीय गायन शिकलेली असल्यामुळे ओळीच्या शेवटी गळा आपोआप फिरत असे. भाईसाहिब लगेच हात वर करून थांबवत आणि म्हणत, शब्द झाकला गेला, पुन्हा घ्या. आसा रागाच्या आरोहात गंधार आणि निषाद येत नाहीत, हे मला पाठ होते. पण सगळ्या ओळीत एकही हरकत न घेता केवळ अर्थाच्या वजनाने मध्यमावर थांबायचे, हे जमायला फार काळ गेला. हौस असती तर ती याच टप्प्यावर विझली असती.

गाण्याच्या नादात लक्ष अर्थावरून सुरांवर जाते, असेही आपण ओघात म्हटले आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. नुसता पाठ करताना जीभ सवयीने पुढे धावते. जपुजीच्या अडतीस पौड्यांपैकी, म्हणजे कडव्यांपैकी, मधल्या दहा-बारा केव्हा निघून गेल्या हे कळत नाही, आणि मन दूध उतू जाईल का या विचारात असते. गाताना तसे करता येत नाही. आसा दी वारमध्ये आधी गुरू रामदासांचा छंत, म्हणजे एक गीत, मग ठेक्याशिवाय मोकळे म्हटलेले सलोक, म्हणजे छोटे श्लोक, आणि त्यानंतर तबल्याच्या ठेक्यावर गुरू नानकांची पौडी, असा क्रम चोवीस वेळा येतो. सलोकात ताल नसल्यामुळे ओळ कोठे संपते हे अर्थावरूनच ठरवावे लागते. अर्थ सुटला की श्वास चुकीच्या जागी तुटतो, आणि ते स्वतःच्याच कानाला ताबडतोब कळते. पहाटे आवाज वर चढत नाही, म्हणून मी नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली पेटी लावते आणि जपुजीच्या आरंभीचा मूलमंत्र मंद्रात म्हणते. संपूर्ण वार मला रोज जमत नाही. जेवढी जमते तेवढी जागेपणी होते, आणि घाईने संपवलेल्या पूर्ण पाठापेक्षा मला ती मोलाची वाटते. आपल्याला याला हौसच म्हणायचे असेल, तर नेम म्हणण्यासाठी आपल्याला आणखी काय हवे आहे, ते तरी सांगावे.

शिवाय गाणे हे कोणी मागाहून चिकटवलेले नाही. गुरू ग्रंथ साहिब सुरुवातीच्या नित्यपाठाच्या बाण्या झाल्यावर रागवार लावलेला आहे. शब्दांवर, म्हणजे पदांवर, राग आणि ‘घरु’ (गाण्याच्या पद्धतीची खूण) यांचा निर्देश आहे, ध्रुवपदाच्या ओळीपाशी ‘रहाउ’ आहे, आणि ग्रंथातल्या बावीस वारांपैकी (वार म्हणजे पौड्यांत बांधलेली दीर्घ गाथा) नऊ वारांच्या शिरावर ती कोणत्या लोकगाथेच्या चालीवर गायची तेही सांगितले आहे. आसा दी वारसाठी टुंडे असराजाच्या वारेची चाल आहे. जपुजीची सत्ताविसावी पौडी, ‘सो दरु’, हीच रचना थोड्या फरकाने पुढे राग आसा असे शीर्षक घेऊन पुन्हा येते; म्हणजे जी ओळ सकाळी पाठात आहे तीच संध्याकाळी गायनात आहे. आणि खुद्द जपुजीच्या पाचव्या पौडीत ‘गावीऐ सुणीऐ मनि रखीऐ भाउ’ असे म्हटले आहे.

भाई गुरदासांच्या ओळीबद्दल मला इतकेच म्हणायचे आहे की ती कर्तारपूरचा क्रम सांगते, कोणाला मनाई करत नाही. जपुजीला राग दिलेला नाही, हे मी मूळ लेखातच लिहिले होते. तेथपर्यंत वाचण्याची तसदी आपण घेतली असती, तर ते मला नव्याने समजावून सांगण्याची वेळ आली नसती. मी जपुजी तीन-चार स्वरांत संथपणे म्हणते, तिला चाल लावत नाही. संगतीत, म्हणजे भाविकांच्या सभेत, कीर्तन शिखानेच करावे असे शीख रहत मर्यादा या आचारसंहितेत आहे. ते मला मान्य आहे आणि मी कधीही मंचावर बसलेली नाही. मी माझ्या घरात गाते.

देवनागरीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. ‘सचु’, ‘मनि’ यांसारख्या शब्दांतले शेवटचे ऱ्हस्व उकार-इकार व्याकरणासाठी लिहिले जातात आणि सामान्यतः उच्चारले जात नाहीत. देवनागरीत मराठी वाचक ते स्पष्ट उच्चारतो. लेखाखाली तशी टीप मी जोडत आहे.

हरिपाठाबद्दल बोलायचे, तर तो आमच्या घरात संध्याकाळी होतो आणि त्याची काळजी आपण करू नये. नामदेवांची एकसष्ट पदे याच ग्रंथात आहेत, तीही रागांच्या शीर्षकांखाली. त्यांनी पंजाबात जाताना कोणाची परवानगी मागितल्याचे ऐकिवात नाही.

रागांविषयी, विरामांविषयी, संथियाविषयी आपल्याला काही विचारायचे असेल तर मी माझ्या कुवतीप्रमाणे उत्तर देईन, आणि मला न आलेले भाईसाहिबांना विचारून सांगेन. माझ्या हेतूविषयी पुन्हा काही लिहिणार असाल, तर ती प्रतिक्रिया मी येथे ठेवणार नाही.